सतरा नंबरच्या जोडीची सीडी

त्या तीन-चार वर्षांत वऱ्हाडात लग्ने एकेकटी लागेनाशी झाली होती. कापसाची सालेच्या साले अशी गेली, की एका घराला न पेलणारे कार्य गावोगावच्या समित्यांनी मिळून पेलायला घेतले. एका मैदानावर पन्नास-पन्नास अंतरपाट एकाच वेळी धरले जात. समितीकडून नवरीला साडी, नवरदेवाला कुडता-पायजामा, दोघांत मिळून पाच भांडी, आणि छातीवर लावायला नंबरचा बिल्ला. साडी सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातली. गीतांजलीच्या आठवणीत ती वर्षे अजून त्या साडीच्या रंगाची आहेत : हळदीवर थोडे दूध सांडावे तसा फिका पिवळा रंग, आणि काठाला बोटभर हिरवी पट्टी.

ती आता अमरावतीला राहते. एखाद्या घरी जुनी सीडी निघते, कोणी हौसेने लावू पाहते, चित्र अडकते, मंडळी हसतात. गीतांजली हसत नाही. त्या काळातल्या सीडीवरचा एकेक क्षण किती सावकाश तयार होत असे, हे तिला ठाऊक आहे.

तेव्हा तिची खोली अकोल्याला जठारपेठेत होती. एका दाताच्या दवाखान्यावर दहा बाय दहाची जागा, बाहेर जिन्यावर चपलांची रांग, आणि दारावर पाटी : ‘गीतांजली मिक्सिंग’. लग्नात शूटिंग करणारे निराळे असत. त्यांनी आणलेल्या टेपा कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायच्या, नको ते कापायचे, हवे ते जोडायचे, वर सनईचे सूर चढवायचे, नावे झळकवायची आणि दोन-अडीच तासांचा एक सलग सोहळा घरच्यांच्या हाती द्यायचा, याला मिक्सिंग म्हणत. गीतांजलीने सहा वर्षांत सातशेवर लग्ने अशी लावली होती. त्यांतल्या एकाही मांडवात तिने पाऊल ठेवले नव्हते. जठारपेठेत भाजी घ्यायला निघाली की समोरून येणारी अनोळखी बाई तिला ओळखीची वाटे. मग आठवे, ही अमक्या लग्नातली रुसलेली आत्या.

हे काम बायकांचे नव्हे, असे तोंडावर कोणी म्हणत नसे. म्हणत ते दुसरेच. “इतक्याइचे लगनं लावून राहिली पोरी, सोताचं कवा?” या प्रश्नाला तिच्याकडे ठरलेले उत्तर होते : “माह्या लग्नाचं मिक्सिंग कोण करन मंग?” विचारणारा हसे आणि विषय पुढे सरके.

तिचे वडील केशवराव बाळापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात फुलांची शेती करत. दोन एकरांत झेंडू, शेवंती आणि गुलछडी. दहावीपर्यंत गीतांजलीचे हात शाळेच्या आधी फुलांत असत. उजाडताना तोडणी, दिवस वर येईस्तोवर टोपल्या सायकलवर बांधून बाजारात. तिथे सकाळी सातला जो भाव असे तो दहाला नसे, आणि चारनंतर तर केशवराव उरलेली टोपली येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पदरात ओतून मोकळे होत. पुढे ती अमरावतीला शिकली, वसतिगृहात राहिली, बी.ए. करताकरता कॉम्प्युटरचा क्लास केला. तिथल्याच एका स्टुडिओत तिने पहिल्यांदा लग्न मागे-पुढे करता येते हे पाहिले, आणि तिला आपले काम सापडले. तरी तिच्या आत कुठेतरी फुलबाजाराचे घड्याळ चालूच राहिले.

दोन हजार सहाच्या वैशाखात शफीकभाई सहा टेपा घेऊन जिना चढले. शफीकभाई बाळापूरचे, वडील सतरंज्या विणत, हे कॅमेरा चालवत. पंचेचाळिशीचे, अंगाने सडसडीत, आणि उन्हाने कायम रापलेले.

“घ्या ताई, एकावन्न लग्नं हायेत,” त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

“सहाच टेपांत?”

“सहा. अन् सीड्या एकावन्न. ज्याची त्याले. समितीनं मंचावरून कबूल करून टाकलं. अन् एक अट बी हाय. एकाच्या सीडीत दुसऱ्याची नवरी दिसली नाई पायजे.”

“शफीकभाई, एका मांडवात एकावन्न नवऱ्या उभ्या हायेत, अन् दिसली पायजे एकच?”

“मंग तुमच्यापाशी कायले आलो? मले जे दिसलं ते मी घेतलं. झाकाचं काम तुमचं.”

अट वरवर हट्टाची होती, पण गीतांजलीला ती पटली. मुलगी सासरी जाणार, तिथे शेजारीपाजारी जमून सीडी पाहणार. निदान पडद्यावर तरी तिचे लग्न तिच्या एकटीचे दिसावे, असे आईबापांना वाटले तर त्यात वावगे काय होते? आणि आयांचे तर त्याहून निराळे. मंगलाष्टके चालू असताना नवरीच्या आईने तिथे थांबायचे नाही, लेकीच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता पाहायच्या नाहीत, तेवढा वेळ तुळशीपाशी जाऊन बसायचे, हा रिवाज त्या गर्दीतही बायकांनी मोडला नव्हता. समितीने मैदानाच्या कडेला डब्यात लावलेल्या चार तुळशी मांडल्या होत्या आणि त्यांच्याभोवती एकावन्न आया पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. म्हणजे आईने लेकीचे लग्न पहिल्यांदा पाहायचे ते सीडीतच. आजवर तिला जितक्या आया भेटल्या, तितक्यांनी एकच विचारले होते : “अंतरपाटाचं नीट आलं ना वं?”

अडचण कॉम्प्युटरची होती. जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला. चित्र दिसे ते पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत. मोठे करू जावे तर अडखळे, चौकोन-चौकोन होऊन विरघळे. एकेका जोडीचे चित्र गर्दीतून ओढून जवळ आणायचे, कडेचे कापायचे, आणि ते कसे दिसते हे पाहायला दर खेपेस पाऊण तास थांबायचे. त्यातच भारनियमन, सहा-सहा तास लाईट नसे.

“कार्ड घेऊन टाका,” शफीकभाई म्हणाले. “ग्राफिक कार्ड. अमरावतीच्या त्या स्टुडिओवाल्यानं घेतलं. वायर सरळ टीव्हीले जोडते, अन् टीव्हीवर पायते मोठ्ठं. नवरीच्या कानातला डूल बी मोजता येते.”

गीतांजलीने त्याच दिवशी अमरावतीला जुबेरला फोन लावला. जुबेर कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा, तिच्या क्लासमध्ये दोन वर्षे मागे असलेला मुलगा. तिला अजून दीदी म्हणे.

“आज घ्याल तर नऊ हजार, दीदी. पण खरं सांगू का? नवीन माल येऊन राहिला. दिवाळीपर्यंत थांबले तर सहात भेटते.”

नऊ हजार तिच्याजवळ होते. त्याचसाठी बाजूला काढलेले होते. घ्यायचे की थांबायचे, एवढाच प्रश्न होता. ती रविवारी गावी गेली तेव्हा केशवराव मळ्यात वाफे बांधत होते. तिने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी फावड्यावर हनुवटी टेकवली.

“म्हंजे ते कारड आज नऊले, अन् तिसऱ्या मयन्यात सहाले?”

“सहाव्या. दिवाळीले.”

“काहून बरं? नासते का ते?”

“नासत नाई बाबा. त्याच्याहून चांगलं येते, म्हणून हे उतरते.”

“मंग ते बी नासणंच झालं ना,” केशवराव म्हणाले आणि परत वाफ्याकडे वळले. थोड्या वेळाने पाठमोरेच बोलले, “तुले आज लागते का दिवाळीले लागते, ते पाय. गणपतीचा हार मी दसऱ्याले स्वस्त देतो म्हटलं तर कोणी घेईन का?”

ती हसली. पण मनात तिने उलटाच हिशोब मांडला होता. जन्मभर आपल्या घराने विकणाऱ्याचीच बाजू पाहिली. भाव उतरताना पाहतच ती वाढली. आता आयुष्यात पहिल्यांदा भाव उतरण्याची वाट पाहण्याची पाळी तिची होती. उतरत्या बाजारात येणारी, टोपलीत हात घालून “आता काय देता?” विचारणारी शहाणी गिऱ्हाइके तिला आठवली. त्यांचा लहानपणी फार राग येई. आता त्यांच्यासारखे वागून पाहण्यात तिला गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडा मोठेपणाही. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत सातशे लग्ने पाहिली, आता एकावन्न आणखी. तिने थांबायचे ठरवले.

तो उन्हाळा तिने त्या चौकटीत डोळे घालून काढला. पंख्याखाली ओले फडके टांगलेले, टेबलाखाली पाय पाण्याच्या बादलीत, लाईट आली की काम, गेली की जिन्यावर. दवाखान्यातली नर्स नगमा वर येई, कलिंगडाची फोड देई आणि चौकटीत डोकावून विचारे, “ही कोणाची दुल्हन? किती नंबर?” अंतरपाटाआधी समितीचे स्वागताचे हार पडेपर्यंत नंबर सोपा होता, बिल्ला दिसे. हार गळ्यात पडले की बिल्ले झेंडूखाली जात आणि सगळ्या नवऱ्या एक होत : तोच पिवळा पदर कपाळापर्यंत, त्याच मुंडावळ्या. शफीकभाईंनी अंतरपाटाच्या वेळी कॅमेरा रांगेवरून सावकाश फिरवला होता. त्यांच्या वहीत रांगा लिहिलेल्या होत्या : तिसरी रांग, अकरा ते वीस. गीतांजली डावीकडून मोजी आणि सातव्या जागेवरची जोडी ती सतरा नंबरची, असे धरून तिला जवळ ओढी, कडेची माणसे कापी.

आषाढाच्या अखेरीस एकावन्न सीड्या गेल्या. समितीच्या अध्यक्षांनी शफीकभाईंचा आणि तिचा नारळ देऊन सत्कार केला.

भाद्रपदात, गणपती बसल्यावर दोन-चार दिवसांनी, एक बाई जिन्याशी चप्पल काढून दारात उभी राहिली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, कपाळाचे कुंकू घामाने ओघळलेले.

“इथंच लगनाच्या सीड्या बनवतेत का वं, बाई?”

“हो, मावशी. या ना, बसा.”

“मी तानुबाई. चांदूर रेल्वेकडची. सकाऊनच्या गाडीनं आली.” तिने पिशवीतून सीडी काढली. जुन्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून आणलेली होती. “सतरा नंबर. हे लावजो बरं जराक.”

गीतांजलीने लावली. वरात आली, स्वागताचे हार झाले, मग अंतरपाट आला. तानुबाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली.

“थांबव. हे पाय. हे पोरगी माही नाई.”

गीतांजलीने चित्र थांबवले. “काहून म्हणता मावशी? तोंड तर दिसूनच नाई राहिलं.”

“तोंड कायले पायजे? लहानपणी पेटल्या चुलीत पाय गेला तिचा, तवा मीच तिले काढलं, तिच्या उभं राहण्यातलं मले नाई समजत का? माही पोरगी एका पायावर भार देते. हे दोन्ही पायावर उभी हाय.” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “मी पहिल्याच खेपेले वळखलं होतं. तवा म्हटलं, जाऊ दे, पन्नास जणीत झालं असन इकडचं तिकडं. इतक्यासाठी कायले बोंबलाचं. पण आता आली, ते ह्याच्यासाठी.”

तिने पडद्यावर बोट ठेवले. नवरीच्या खांद्यावर मागून आलेला एक हात होता. नुसता हात, माणूस कडेला कापला गेला होता. मनगटात पितळेचे कडे होते.

“हा हात माह्या भावाचा हाय. देवमनचा. पोरीचा मामा. मामा उभा राह्यते ना मांगं. मंग सांग बाई, हात माह्या भावाचा अन् पोरगी दुसऱ्याची, हे कसं?”

गीतांजलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तानुबाईने तो घेतला, पण प्यायली नाही.

“पोळ्याच्या आठ दिवस आधी त्याले पान लागलं,” ती म्हणाली. सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून तिकडे असेच म्हणतात. “शेतात निंदाले गेला होता. दवाखान्यात नेईपर्यंत राह्यला नाई. त्याचा एक फोटो नाई घरात. लग्न केलं नाई, कुठं गेला-आला नाई, कोण काढन फोटो? मंग मले आठोलं, लगनात कॅमेरा होता. म्हटलं, सीडीत तर असन. घरच्याइनं दहा खेपा लावली. फक्त हात हाय.”

गीतांजलीने दुपारीच शफीकभाईंना बोलावले. टेपा पाहिजेत म्हणाली.

“त्या टेपा?” शफीकभाईंनी कपाळाला हात लावला. “अवो ताई, त्याच्यावर तीन बारसे अन् एक हेडमास्तरचा निरोप झाला.”

म्हणजे आता ते लग्न फक्त तिच्या कॉम्प्युटरमध्ये होते. तिथेही ते फार दिवस राहणार नव्हते. नवरात्रातल्या गरब्याची कामे घेतलेली होती, आणि जागा करायची तर एकावन्न लग्ने पुसायलाच हवी होती. ती दोन दिवस त्याच चौकटीत पाहत बसली. पिवळे ठिपके, पांढरे ठिपके, मध्ये हलणारे अंतरपाट. एकच गोष्ट कळली आणि तीही शफीकभाईंना खोदखोदून विचारल्यावर.

“रांगेत काही बदल झाला होता का? आठवून पाहा.”

“बदल काय... अरे हो! तेरा अन् चौदा. सख्ख्या बहिणी होत्या ना त्या. ऐन वक्ताले त्याइचा आजा उभा झाला, म्हणे एका मांडवाखाली दोन सख्ख्या बहिणींवर अक्षता पडू देणार नाई. समितीवाले हात जोडून राहिले, म्हातारा ऐकेना. शेवटी चौदा नंबरले उचललं अन् पाण्याच्या टाकीपाशी निराळा मांडव होता, तिथं शेवटच्या रांगेत एकावन्नच्या जागेवर नेलं. तिसऱ्या रांगेतले पंधरा ते वीस एकेक जागा अलीकडं सरकले, अन् एकावन्नवाल्याइले इकडं त्याच रांगेत शेवटी उभं केलं. वहीत लिहाचं राहून गेलं, ताई.”

चौदापासून विसापर्यंत सात, आणि एकावन्न. आठ घरे. आठ आयांना तिने दुसऱ्यांच्या लेकींच्या अक्षता दाखवल्या होत्या, आणि त्यांतल्या सात जणी ते लेकीचेच म्हणून पाहत होत्या. मोठ्या पडद्यावर पाहिले असते तर सरकलेली रांग पहिल्या नजरेत कळली असती. माळांखालचे बिल्लेही कुठे-कुठे डोकावत असणार. दिवाळीला वाचणारे तीन हजार रुपये तिला आता त्या आठ जणींच्या पदरातून काढून घेतल्यासारखे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने अमरावतीला गेली. जुबेरने चहा मागवला आणि तिला थोपवू पाहिले.

“दीदी, चार महिने थांबले, आता दीड महिन्यासाठी कायले घाई करता? आज अजून नऊच हाय.”

“आजच पाहिजे.”

“कॉम्प्युटरचा बोर्ड कोणता तुमचा?” त्याने पहिल्यांदाच विचारले. तिने कागदावर लिहून आणले होते. वाचून जुबेरने मान खाजवली. “याची कार्ड बसवाची खाच तर जुनी हाय. दीदी, माफ करा. मी दिवाळीचं म्हटलं ते नवीन खाचेचं. ते तुमच्या मशीनले बसणारच नाई. जुन्या खाचेचं हे एकच उरलं माह्यापाशी. हे उतरन का चढन, मले नाई माहीत. कदाचित कोणी घेणारच नाई, अन् मी तुम्हाले पाचात देईन. कदाचित उद्याच कोणी घेऊन जाईन.”

दुकानाबाहेर टपरीवर रेडिओ चालू होता. गीतांजलीने कार्डाची डबी हातात घेऊन पाहिली. चार महिने ती ज्या भावाची वाट पाहत होती, तो भाव तिच्या वस्तूचा नव्हताच. पण ह्या क्षणी तिला त्याचे विशेष काही वाटले नाही. आज पुन्हा थांबले तर काय वाचते आणि काय पुसले जाते, हे दोन्ही तिला आता नेमके दिसत होते.

“बांधून दे,” ती म्हणाली.

“वॉरंटी लिहून देतो. अन् पाचशे कमी द्या. चूक माही बी हाय.”

(पुढे दिवाळीत जुबेरचा फोन आला. तसेच एक कार्ड नागपूरहून चार हजारांत मिळत होते. “सांगू का नको, असं झालं होतं,” तो म्हणाला. गीतांजलीने त्याला फराळाला बोलावले.)

कार्ड बसले. दवाखान्यातला टीव्ही नगमाने आणि तिने दोघींनी मिळून वर आणला, डॉक्टर गावाला गेले होते म्हणून. वायर जोडली आणि तो मांडव एकाएकी खोलीभर पसरला. चार महिने जिथे ठिपके होते तिथे माणसे होती. पेंगणारी पोरे, अंतरपाटाचे टोक दातात धरून शेला सावरणारा एक भाऊ, भटजींच्या हातातला कागदाचा पंखा. गीतांजली सहाव्या जागेवर आली. एका पायावर भार देऊन उभी असलेली नवरी. तिच्या आणि शेजारच्या नवरीच्या मध्ये, मागे, एक उंच माणूस. टोपी किंचित मागे सरकलेली, चेहऱ्यावर एखाद्या कामगिरीवर असल्यासारखी गंभीर ऐट. त्याचा एक हात भाचीच्या खांद्यावर होता. दुसरा, कड्याचा, शेजारच्या अठरा नंबरच्या नवरीच्या खांद्यावर. तिच्या मागे तिचे स्वतःचे कोणीच उभे नव्हते.

तानुबाई पुन्हा आली तेव्हा शफीकभाईही होते. गीतांजलीने तिला टीव्हीसमोर बसवले आणि चित्र लावले. तानुबाई खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसली. मग म्हणाली, “पाय कसा उभा हाय. जसं काय मालगुजार.” आणि थोड्या वेळाने, एकदम चिडून, “देवमन्या, टोपी तर नीट घालाची होती रे!”

शफीकभाई खिडकीकडे वळले.

“मावशी,” गीतांजली म्हणाली, “दोन्हीकडं हात हाय त्यांचा. म्हणजे त्या दुसऱ्या पोरीचा मामा आला नसेल, तर हे दोघींच्याही मागे उभे राहिले असतील.”

“असन. मी तर तिकडं होती, मले काय माहीत. अन् ह्यानं घरी येऊन सांगतलं बी नाई. असाच होता तो.”

“एकच अडचण हाय. त्यांना पुरतं ठेवायचं तर ती पोरगी, तिचा नवरदेव, सगळे दिसतील. एकटीचं लग्न दिसणार नाही. तिला कापलं तर यांचा हात जाते.”

हे काय विचारण्यासारखे आहे, अशा नजरेने तानुबाईने तिच्याकडे पाहिले.

“राहू दे तिले. कायले कापतं? त्यानं तिले धरलं हाय ना.”

तो तुकडा बारा सेकंदांचा होता. तानुबाईने तो परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाहिला. जाताना सीडी पुन्हा त्याच ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळली, आणि दारातून वळून म्हणाली, “त्या पोरीच्या मायले बी दे एक. तिनं बी पायलं नसन.”

गीतांजलीने आठही सीड्या नव्याने केल्या. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात शफीकभाई स्कूटरवरून गावोगाव हिंडून त्या देऊन आले, जुन्या परत घेऊन आले. कोणी रागावले, कोणी हसले. एका घरी तर बदलून द्यायला नकारच मिळाला, सवय झाली म्हणाले. अठरा नंबरचे घर त्यांनी शेवटी ठेवले होते. तिथून ते उन्हे कलताना परतले आणि जिन्यावरच बसले.

“लीलाबाई म्हणून हाय तिची माय. तीन खेपा पायलं तिनं. विचारे, हा माणूस कोण? आमचा तर कोणी नाई. मंग पोरगी सांगे, माय, मी थरथरून राहिली होती अन् ह्यानं मांगून म्हटलं, भेऊ नको, मी हाय. नाव बी नाई विचारलं मी.”

“मग तुम्ही सांगितलं?”

“नाव सांगतलं. गाव सांगतलं. पुढचं सांगाले तोंडच उघडलं नाई, ताई. पोरीले दिवस गेले हायेत. सातव्या मयन्यात ओटी भराची हाय, मामाले बोलवाचं म्हणत होते. पत्ता मागितला.”

शफीकभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“तानुबाईचा लिहून देऊन आलो,” ते म्हणाले.